डावीकडं म्हणजे उजवीकडं

आमच्या घरात दोन विद्यापीठं नांदत होती आणि स्वयंपाकघर एकच होतं. बाबा पहाडीवाले, आई तालवाली. या दोन्ही संस्थांची खरी नावं लांबलचक आहेत, एकीला कुठल्या तरी राजाचं, दुसरीला कुठल्या तरी दानशूर शेठजीचं. पण आमच्या जबलपुरात ती फक्त पदवीच्या कागदावर दिसत. रिक्षावाल्याला ‘पहाडी’ म्हटलं की तो टेकडीवरच्या दगडी कमानीपाशी सोडी आणि ‘ताल’ म्हटलं की तळ्याकाठच्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी. दोन्हीकडे प्रवेश मिळणं महाकठीण, दोन्हीकडच्यांना आपल्यावाचून देशाचं अडतं अशी खात्री, आणि दोन्हीकडच्यांचा दिवसातला बराचसा वेळ समोरच्यांची टिंगल करण्यात जाई. तालवाले पहाडीवाल्यांना ‘बंदर’ म्हणत, कारण टेकडीवर माकडं फार. पहाडीवाले तालवाल्यांना ‘मेंढक’ म्हणत, त्याचं कारण सांगायला नको. एका वर्षी तालच्या परीक्षेच्या हॉलमध्ये सकाळी दारं उघडली तर बाकाबाकावर बेडूक बसलेले. त्यानंतर पहाडीच्या पदवीदान समारंभाला ऐन भाषणाच्या वेळी केळ्यांनी भरलेला हातठेला कमानीतून आत आला, वर पाटी, ‘समस्त छात्रों को सप्रेम’. आई त्या काळात तालमध्ये शिकत होती. त्या ठेल्याबद्दल विचारलं की ती नेहमी फोडणीकडे लक्ष द्यायला लागे.

बाबा खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नकाशे काढायच्या विभागात होते आणि आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचो. सकाळचा भोंगा झाला की सायकलींची आणि स्कूटरींची रांग फाटकाकडे निघायची. दुपारी कधी कधी लांबून चाचणीच्या गोळ्याचा दणका यायचा आणि आमच्या फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या. पाहुणे दचकत, आम्ही वाक्यसुद्धा तोडायचो नाही. बैठकीच्या भिंतीवर आईबाबांची दोन पदवीपत्रं चौकटीत शेजारी शेजारी होती. बाबांनी ती स्वतः पाणसळ लावून ठोकली होती, तरी त्यांची चौकट बोटभर वर असायची. आई धूळ पुसायला गेली की तिची बोटभर वर. हे कोण करतं यावर कधीच चर्चा झाली नाही. रविवारी बाबा मागच्या अंगणात गोवऱ्यांवर गक्कड, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजायचे, सोबत वांग्या-टमाट्याचा भरता, वरून तुपाची धार. आणि बुधवारी आई पाटवडीचा रस्सा करायची, असा झणझणीत की बाबांच्या कपाळावर घाम यायचा. घाम पुसत ते म्हणायचे, “तालवाल्यांना प्रमाण म्हणून कळत नाही.” आई म्हणायची, “पहाडीवाल्यांना सोसत म्हणून नाही.” आज मी पन्नाशी ओलांडून एकटीसाठी कुकर लावते तेव्हा त्या भांडणाशिवायचं जेवण मला अळणी लागतं.

माझा मोठा भाऊ शिरीष, म्हणजे दादा, पहाडीवर गेला तेव्हा घरात बाबांचं बहुमत झालं. तो कमानीचं चित्र असलेला पहिला बनियन घालून आला त्या दिवशी बाबांनी बड़ा फुहाराच्या बाजारातून खव्याची जलेबी आणली होती, काळीभोर, जाडजूड, पाकानं निथळणारी. मग दोन वर्षांनी माझी पाळी आली. मला दोन्हीकडे प्रवेश मिळाला. दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली आणि टेबलावर शेजारी शेजारी पडून राहिली. बाबांनी माझ्यासाठी आधीच नकाशे काढायची एक मोठी टी-पट्टी आणून कपाटावर ठेवली होती, मला दिसेल अशी. मला इंजिनिअर करायचं त्यांच्या मनात होतं. मी तालची रसायनशास्त्राची जागा घेतली. लोकांना मी सांगायची की आईच्या प्रयोगशाळेच्या गोष्टी ऐकून मला ते वेड लागलं होतं. ते खरंच होतं, पण सगळं खरं नव्हतं. पहाडीवर गेले असते तर चार वर्षं मी शिरीषची बहीण म्हणून राहिले असते.

बाबा ओरडले नाहीत. “अच्छा,” एवढंच म्हणाले आणि टी-पट्टी उचलून ऑफिसात घेऊन गेले. त्यानंतर ते माझ्याशी थट्टेतच बोलायला लागले. “तालवाल्या मॅडम जेवून राहिल्या का?” “तालवाल्या मॅडमला सांगा, पंखा बंद करा.” घरातले सगळे हसायचे, मीही हसायची. पण ते मला कुंदा म्हणेनासे झाले होते, आणि हे माझ्या एकटीच्याच लक्षात आलं आहे असं मला वाटायचं.

दोन्ही विद्यापीठांची वर्षातली मोठी लढाई म्हणजे होड्यांची शर्यत. पूर्वी ती नर्मदेच्या घाटावर व्हायची, धरण झाल्यावर बरगीला गेली. तिथल्या मच्छीमारांचे दोन लांबट डोंगे घ्यायचे, प्रत्येकात चार जण वल्ही मारणारे आणि मागे एक हाळी देणारा. वल्ही मारणारे पुढच्या दिशेला पाठ करून बसतात, त्यांना काही दिसत नाही. दिसतं ते फक्त हाळीवाल्याला. किती जोर लावायचा, कुठे वळायचं, सगळं त्याच्या ओरडण्यावर. ताल अकरा वर्षं सलग हरला होता. त्या वर्षी शर्यतीला दहा दिवस उरले असताना आमच्या हाळीवाल्याला कावीळ झाली. आमच्या नावेचे कप्तान तिवारी भैया, शेवटच्या वर्षाचे, गंभीर, मिशी कोरलेली. ते कँटीनमध्ये डोकं धरून बसले होते. त्याच वेळी मी लांबच्या टेबलावरून समोसेवाल्याला हाक मारली. तिवारी भैयांनी मान वर केली.

“तुम्हारा वज़न कितना है?” त्यांनी मला विचारलं.

या प्रश्नावर एखादी रागावली असती. मी अडतीस किलो सांगितलं. नावेत मुलगी कधीच बसली नव्हती, पण बसू नये असा नियमही कुठे लिहिलेला सापडला नाही. क्रीडाविभागाच्या सरांनी एकच अट घातली, वडिलांची लेखी परवानगी. मी तो कागद घेऊन दोन दिवस फिरले. तिसऱ्या दिवशी बाबा अंगणात गक्कड उलटत असताना त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हाताची राख झटकली, चष्मा लावला, कागद दोनदा वाचला.

“पोहता येतं न?” त्यांनी विचारलं. मला पोहायला त्यांनीच शिकवलं होतं.

“येतं.”

“डोंगा उलटला तर डोंग्याले धरून राहायचं. काठाकडं निघायचं नाही.”

“हो बाबा.”

त्यांनी सही केली. मग सहीखाली आपल्या नकाशातल्या सुरेख अक्षरांत लिहिलं, ‘पराजय की शुभकामनाओं सहित’. तिवारी भैयांनी तो कागद कँटीनमध्ये मोठ्यानं वाचून दाखवला आणि अख्खा ताल पेटून उठला.

सराव बरगीलाच. पहाटेच्या बसनं आम्ही पाच जण जायचो आणि मंगलदादा नावाचे म्हातारे मच्छीमार आम्हाला शिकवायचे. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, “बिन्ना, तुम चिल्लाती खूब हो, पर चिल्लाने से नाव नहीं चलती. साँस देखो लड़कों की.” मग मी मुलांचे श्वास बघायला शिकले. खांदे कधी उचलले जातात, कोणाचं वल्हं उशिरा पडतं, दमलेला माणूस दमल्याचं लपवताना ओठ कसे आवळतो. तिसऱ्या दिवशी नाव माझ्या आवाजावर पुढे सरकली तेव्हाचा आनंद नंतर पुष्कळ सन्मान मिळाले तरी मला पुन्हा मिळाला नाही. पाणी बाजूनं सरसर कापत जात होतं आणि चार धडधाकट मुलं माझ्या एका शब्दावर वाकत होती. मी अठरा वर्षांची होते. मला वाटलं, आता मला काहीही करता येईल.

पण एक अडचण होती. पाण्यावर आवाज लांब जातो. पहाडीवाले दर वर्षी आमच्या हाळ्या ऐकायचे आणि आम्ही वळायच्या आधी आमच्या वाटेत आडवे यायचे. तिवारी भैया म्हणाले, “कोई ऐसी भाषा हो जो बंदर न समझें.” मी म्हटलं, “मेरे पास है.” आणि एका सकाळी मी त्या चौघांना मराठीचे सात-आठ शब्द शिकवले. ओढा, थांबा, जोरात, हळू, डावीकडं, उजवीकडं. तिवारी भैयांची जीभ ‘डावीकडं’वर वळता वळेना, पण त्यांना म्हणायचं नव्हतंच, ऐकायचं होतं. आम्ही खूश होतो. मी इतकी खूश होते की घरी मागच्या ओसरीत उलट्या बादलीवर बसून, हातात लाटणं धरून सराव करत होते. शर्यतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी जेवताना दादानं भातावर वरण घेतलं आणि शांतपणे म्हणाला, “ओढा. थांबा. डावीकडं. उजवीकडं.”

माझा घास हातातच राहिला.

“काय बडबडून राहिलास?” आईनं विचारलं.

“काही नाही. उद्या पहाडीच्या नावेत हाळीला मीच आहे न. पाठांतर करून राहिलो.” आणि तो हसायला लागला. आमच्या गावात मराठी घरं थोडी, त्यातलं एक घर दोन होड्यांत वाटलं गेलेलं, आणि मी ते विसरले होते! बाबांनी जोरात मांडीवर थाप मारली. मी ताटावरून उठले. आई म्हणाली, “कुंदा, ताक तर घे.” मी ताकही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये मी तिवारी भैयांना सगळं सांगितलं. हिंदीत हाळी दिली तरी ते ऐकणार, मराठीत दिली तरी दादा ऐकणार. बस खडखडत होती, बाहेर गव्हाची शेतं मागे पळत होती, आणि मला एकदम सुचलं. मी म्हटलं, “आज सगळं उलटं. मी डावीकडं म्हटलं की उजवीकडं वळायचं. हळू म्हटलं की जीव खाऊन ओढायचं.” मला वाटलं होतं, मुलं गोंधळतील. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिवारी भैया म्हणाले, “हओ. हमें क्या फ़र्क पड़ता है?” खरंच होतं ते. ते शब्द त्यांना चार दिवसांपूर्वी मिळाले होते, त्यांचा अर्थ सदऱ्यासारखा बदलता येत होता. अवघड होतं ते मला. हळू म्हणजे हळूच, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले होते. बरगी येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून उलट्या हाळ्या पुटपुटत राहिले.

काठावर ही गर्दी! पहाडीवाले पिवळे, तालवाले निळे, ढोल, शिट्ट्या, एक जण माकडाचा मुखवटा घालून तालवाल्यांच्यात घुसलेला आणि त्याच्या शेपटीला कोणी तरी नाडी बांधलेली. मूगडाळीचे मंगोडे तळले जात होते. वळणाचा बांबू मुद्दाम काठाजवळच्या मोठ्या खडकासमोर रोवलेला असायचा, म्हणजे गंमत सगळ्यांना दिसावी. वळसा कुठल्याही बाजूनं घ्या, पण घ्यायचाच. त्या खडकावर आईबाबा बसले होते. बाबांच्या गळ्यात दुर्बीण आणि पिवळा रुमाल, आईच्या खांद्यावर निळा पदर आणि मांडीवर जलेबीचा पुडा. पंच म्हणून एक निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांना तरुणपणी दोन्हीकडे प्रवेश मिळाला नव्हता, म्हणून ते कोणाचीच बाजू घेणार नाहीत असं सगळ्यांचं मत होतं.

रुमाल खाली पडला आणि आम्ही निघालो. पहिली काही वल्ही मी आकडेच मोजले. पहाडीची नाव अर्ध्या नावेनं पुढे गेली. त्यांच्यातला प्रत्येक जण आमच्या दीडपट होता. दादा मागे बसून माझ्याकडे वळून बघत होता आणि दात दाखवत होता. बांबू जवळ यायला लागला. मी मुलांचे खांदे पाहिले, अजून दम होता. मी फुप्फुसं भरून ओरडले, “हळू! हळू! अरे हळू!”

नाव उसळली. मी मागे पडता पडता वाचले. तिकडे दादाला वाटलं आमची मुलं दमली. त्यानं आपल्या मुलांना ‘आराम से’ म्हटलेलं मी स्पष्ट ऐकलं. क्षणभरच, पण तेवढ्यात आमची नाव त्यांच्या बरोबरीला आली. दादाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याला काही तरी चुकतंय हे कळत होतं, पण काय ते कळायला सवड नव्हती. खडकावर मात्र दोघांना एकाच वेळी कळलं. हे मला नंतर शेजारी बसलेल्यांनी सांगितलं. बाबा ताडकन उभे राहिले, तोंडाभोवती हात धरले आणि ओरडले, “शिरीष! उलटं बोलून राहिली ती! उल—” आणि आईनं त्यांच्या उघड्या तोंडात अख्खी जलेबी कोंबली.

खव्याची जलेबी चटकन गिळता येत नाही.

“डावीकडं!” मी किंचाळले. “डावीकडं, डावीकडं!” आणि दादा, जो पहाडीवर दुसऱ्या वर्षाला पहिला आला होता, ज्याला वडिलांचा आवाज नुकताच ऐकू आला होता, त्यानं मला अडवायला आपली नाव डावीकडं घातली. पुढे कित्येक वर्षं तो सांगायचा, “मला संशय आला होता बे. पण तू डावीकडं म्हटलंस न, तर डोक्याच्या आधी तोंडच बोललं.” आम्ही उजवीकडून बांबूला घासून वळलो. त्यांची नाव पाण्यात भलामोठा अर्धा गोल काढत गेली. शेवटचा टप्पा मी काय ओरडले ते मला आठवत नाही. सुलटं की उलटं, देव जाणे. तिवारी भैयांची मिशी पाण्यानं ओठांना चिकटली होती आणि ते ओढत होते. पहाडीवाले परत अंगावर आले, त्यांचं पुढचं टोक माझ्या कोपराशी आलं, आणि वाळूवर आमचा डोंगा खरखरला.

पोस्टमास्तरांनी निळा रुमाल वर केला. वीतभर अंतरानं, असं ते म्हणाले.

मला कोणी उचललं, कोण पाण्यात पडलं, कोणी मुद्दाम पाडलं, सांगता येत नाही. मंगलदादा गुडघाभर पाण्यात उभे राहून ढोल वाजवत होते, तो त्यांनी कोणाकडून घेतला होता कोण जाणे. दादा निथळत माझ्यासमोर आला.

“कुंदे, तू खोटं बोललीस!”

“मी कुठं बोलली? मी तर ओरडली.”

त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली आणि मग मला इतकं घट्ट धरलं की त्याच्या बनियनचं सगळं पाणी माझ्या कपड्यांत आलं.

मग पोस्टमास्तरांनी शिट्टी वाजवली. प्रथा अशी होती की हरणाऱ्यांनी तिथेच काठावर उभं राहून जिंकणाऱ्यांचं विद्यापीठगीत म्हणायचं, विद्यार्थ्यांनी आणि जुन्या विद्यार्थ्यांनीही. अकरा वर्षं आई काठावर उभी राहून पहाडीचं गीत म्हणत आली होती, ओठ जेमतेम हलवत, नजर पलीकडच्या काठावर ठेवून, आणि बाबा समोर उभे राहून तिच्यासाठी ताल धरत. आता पिवळे सगळे रांगेत आले. बाबाही आले, हनुवटीवर पाक तसाच. तालचं गीत शुद्ध हिंदीत आहे, एकेका ओळीत तीन तीन जोडाक्षरं. पहिलं कडवं पहाडीवाल्यांनी कागदावर बघून कसंबसं म्हटलं. दुसऱ्याला निम्मे आवाज गळले. तिसरं सुरू झालं तेव्हा कागदावर काहीच नव्हतं, कारण तालवाल्यांनाही तिसरं पाठ नसतं. मला नव्हतं. सगळे गप्प झाले.

एकटे बाबा गात राहिले. आवाज घोगरा, सूर इकडेतिकडे, पण एकही शब्द चुकला नाही. निळेपिवळे सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. दादा माझ्या शेजारी होता, त्यानं माझं कोपर दाबलं. कडवं संपलं तेव्हा आई वाळूतून चालत त्यांच्यासमोर गेली.

“अहो, हे कुठून आलं तुम्हाला?”

“कुठून काय? वीस वर्षं कणीक तिंबताना तू हेच म्हणून राहिलीस. माझे कान काय खमरियाच्या गेटवर जमा करून येतो मी?”

आईनं पदराच्या टोकानं त्यांच्या हनुवटीवरचा पाक पुसला, एवढ्या सगळ्यांसमोर. मग बाबा माझ्याकडे वळले. मी चिंब, केसांत शेवाळ, आवाज बसलेला.

“कुंदा,” ते म्हणाले, “चौथं कडवं येतं का तुले?”

मी मान हलवली. मला येत नव्हतं.

“चौथं आहे,” आई म्हणाली. “कोणी म्हणत नाही ते.”

“मग तू म्हण,” बाबा म्हणाले आणि दोन पावलं मागे सरून रांगेत उभे राहिले.

आईनं एकदा घसा साफ केला. ढोल थांबला, मंगोडेवाल्यानं झारा हातातच धरला, आणि दोन्ही विद्यापीठांसमोर, उघड्या वाळूवर, ती पूर्ण आवाजात गायला लागली. त्याआधी घराबाहेर मी तिला गाताना कधीच ऐकलं नव्हतं.